विटांचा गोड गारा

हारोसेत हा पदार्थ करायला सोपा आहे, खायला त्याहून सोपा. समजायला मात्र अवघड. ज्यूंच्या पेसाह सणाच्या, म्हणजे मराठी बायबलात ज्याला ‘वल्हांडण’ म्हटले आहे त्या सणाच्या पहिल्या रात्री, तो एका लहान वाटीत ताटात मांडलेला असतो. ताटातल्या इतर वस्तूंचे अर्थ सरळ आहेत. मात्सा ही बिनखमिराची भाकरी. मिसर देशातून घाईने निघताना पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही, याची ती खूण. मारोर म्हणजे कडू पाला. गुलामगिरी कडू होती म्हणून तो चावायचा. मिठाचे पाणी म्हणजे आसवे. आणि खजूर, फळे, सुकामेवा, मसाला यांचा हा दाट गोड लगदा म्हणजे फारोच्या विटांसाठी गुलामांनी तुडवलेला गारा.

लहान मूलही इथे अडखळेल. भाकरी घाईची, पाला कडू, पाणी खारट. मग चिखल गोड का? ज्या मातीत पूर्वजांचे पाय रुतले, पाठी मोडल्या, त्या मातीची आठवण बोटाने चाटून खावी अशी का केली? दुःखाला अशी चव देणे हा त्या दुःखाचा मान की अपमान?

हा प्रश्न फक्त ज्यूंपुरता नाही. आपण सगळेच कुणाच्या ना कुणाच्या कष्टांची आठवण सणासुदीला काढतो, आणि सण म्हटला की गोडधोड आलेच. तेव्हा आठवणीत गोडवा किती असावा, आणि तो कशासाठी, हे एकदा नीट पाहायला हवे. त्यासाठी आधी पदार्थच करून पाहणे बरे.

माझा हा सण नव्हे. पण रायगडच्या किनाऱ्याशी नाते असलेल्या मराठी माणसाला बेने इस्रायल परके नसतात, म्हणून मी जयपूरच्या माझ्या स्वयंपाकघरात तो करते. बेने इस्रायल घरांत, तसेच बगदादहून मुंबईला आलेल्या ज्यूंच्या घरांत, हारोसेत खजुराचा. पूर्व युरोपातल्या ज्यूंचा सफरचंद, अक्रोड, दालचिनी आणि द्राक्षाच्या दारूचा. जिथे जे पिकते किंवा बाजारात मिळते, त्याचा तो होतो. मी पाव किलो बिनबियांचा खजूर आणि मूठभर काळे मनुके कोमट पाण्यात दोन तास भिजवते. त्याच पाण्यात मंद आचेवर शिजवते, हाताने कुस्करते आणि सुती फडक्यातून पिळून गाळते. फडक्यात साले आणि रेषा उरतात. खाली उतरलेला तांबूस-काळा रस पुन्हा आटवायचा, पळीला चिकटून राहील इतका. गार झाल्यावर भरड कुटलेले बदाम-अक्रोड, थोडी दालचिनी आणि लिंबाचा रस.

कुटलेला मेवा मिसळताच तो खरोखर गाऱ्यासारखा दिसू लागतो. मातीत कालवलेल्या खड्यांसारखे अक्रोडाचे तुकडे, बोटांना चिकटणारा ओला रंग. खाणाऱ्याला आधी चव लागते. करणाऱ्याला आधी चिखल दिसतो, आणि हात धुतल्याशिवाय तो जात नाही.

लिंबू मी चवीसाठी घालत नाही. त्यामागे एक जुना वाद आहे. इ. स. 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नात पेसाहच्या ताटाची यादी आहे. तिथेच हारोसेतबद्दल मतभेद नोंदवला आहे: एका मते तो ठेवावा, पण ती धर्माज्ञा नव्हे, रब्बी एलिएझर बार सादोक यांच्या मते ती धर्माज्ञाच आहे. पुढे बाबिलोनी तालमूदमध्ये पंडित विचारतात, आज्ञा नसेल तर तो ठेवायचा कशाला? एक उत्तर अगदी घरगुती आहे: कच्च्या पाल्यातला बाधणारा अंश मारायला. आणि आज्ञा असेल, तर कशाची आठवण म्हणून? रब्बी योहानान म्हणतात, चिखलाची. रब्बी लेवी म्हणतात, सफरचंदाच्या झाडाची. मग अबाये नावाचा पंडित दोघांना एकाच वाटीत बसवतो: तो आंबट करावा, सफरचंदासाठी, आणि दाट करावा, चिखलासाठी. मसाल्याच्या काड्या म्हणजे गाऱ्यातले गवत. जेरुसलेमचे मसालेवाले सणाआधी ‘या, पुण्यकर्मासाठी मसाला घ्या’ अशा अर्थाची आरोळी द्यायचे, हेही तिथेच नोंदले आहे. धर्मग्रंथात बाजाराचा आवाज असा ऐकू आला की बरे वाटते.

सफरचंदाच्या झाडाची कथा तालमूदमध्ये दुसऱ्या ठिकाणी येते. फारोने हुकूम काढला होता की इस्राएलांचा जन्मलेला प्रत्येक मुलगा मारावा. पुरुष दिवसभर राबून मोडून पडत. स्त्रिया पाणी भरायला जात, घागरीत थोडे पाणी आणि बारीक मासे घेऊन येत, पाणी तापवत, मासे शिजवत आणि शेतावर जाऊन नवऱ्यांना न्हाऊ-खाऊ घालत. दिवस भरले की त्या सफरचंदाच्या झाडांखाली जाऊन, कुणाला कळू न देता, बाळंत होत. त्या पिढीतल्या अशा स्त्रियांच्या पुण्याईनेच सुटका झाली, असे तिथे म्हटले आहे.

ही कथा कळली की चिखल गोड का, या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळते. वाटीत फक्त मालकाने लादलेले काम नाही. ते काम लादले असताना माणसांनी काय वाचवून ठेवले, तेही आहे. दाटपणा फारोचा, फळ त्या बायकांचे. नुसता चिखल ठेवला असता तर आठवण फक्त फारोच्या पराक्रमाची झाली असती. गुलामाला केवळ गुलाम म्हणून आठवणे हाही एक अन्यायच, कारण तेवढीच त्याची ओळख मालकानेही मान्य केली होती.

पण निम्मे उत्तर धोक्याचे असते. गोडीला कारण मिळाले की गोडीच उरते आणि चिखल विसरायला होतो. म्हणून आता आठवण आणि विस्मरण यांचा दुसरा एक पुरावा पाहू. तो आपल्याच कोकणातला आहे.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले; सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या. गावोगाव त्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. केहिमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे पडली. पुस्तके नव्हती, हिब्रू विसरली गेली होती. तरी वर्षाचे सण चालू राहिले, मराठी नावांनी. हाईम सॅम्युएल केहिमकरांनी आपल्या इतिहासात, जो त्यांनी 1897 मध्ये लिहिला आणि 1937 मध्ये तेल अवीवला छापला गेला, ही नावे नोंदवून ठेवली आहेत. त्यात पेसाहच्या दिवसांतल्या सणाचे नाव आहे ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे तोंडीलावण्याचे आंबट कालवण. त्या दिवसांत त्याचे भांडे झाकून ठेवायचे.

मला हे विलक्षण वाटते. मोशे विसरला गेला, फारो विसरला गेला, विटा, समुद्र, रात्रीतले निघणे, सगळे विसरले गेले. उरले एक झाकलेले भांडे. आंबलेले काही या दिवसांत घरात वापरायचे नाही, एवढेच घरातल्या बायकांच्या हातांना माहीत होते. का, ते सांगणारे कुणी नव्हते. पुढे कोचीनहून शिक्षक आले, मराठीत छापलेले बायबल आले. 1846 मध्ये मुंबईत हागादा, म्हणजे त्या रात्री वाचायची सुटकेची कथा, मराठी भाषांतरासह छापली गेली. 1874 मध्ये पुण्यात सचित्र हागादा निघाली. तिच्यातल्या चित्रात मात्सा करणाऱ्या स्त्रिया आपल्याकडच्या पोशाखात आहेत. झाकलेल्या भांड्याला त्याची कथा परत मिळाली.

यावरून कुणी म्हणेल, कथेची गरजच काय, आचार पुरेसा आहे. आचार टिकला म्हणूनच तर कथा परत येऊन बसायला जागा राहिली. हे खरे आहे. पण झाकलेले भांडे स्वतःहून कुणाला काही विचारत नव्हते. त्यात पावित्र्य होते; त्या पावित्र्यात राबणाऱ्या माणसाची बाजू नव्हती. हागादेची रचना नेमकी उलटी आहे. तिची सुरुवातच घरातल्या सर्वांत लहान मुलाच्या प्रश्नाने होते: आजची रात्र वेगळी का? ताटातल्या वस्तू चमत्कारिक दिसाव्यात, मुलाने विचारावे आणि मोठ्यांना सांगावे लागावे, यासाठीच सगळी मांडणी. हारोसेतची गोडी हे या मांडणीतले आमिष आहे. कडू पाल्याकडे मूल पाहणारही नाही. गोड चिखलाकडे हात नक्की जाईल.

आपल्याकडेही याच दिवसांत कडू-गोड एकत्र खाल्ले जाते. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, जिरे, हिंग, भिजवलेली चणाडाळ वाटून चटणी होते. वर्षात सुख येईल, दुःखही येईल, दोन्ही गिळायला शिकावे, असा तिचा अर्थ आपण मुलांना सांगतो. अर्थ सुंदर आहे. पण हारोसेतशेजारी ती चटणी ठेवली की एक फरक डोळ्यांत भरतो. कडुनिंबाचे दुःख निनावी आहे. ते येते, पावसासारखे, आजारासारखे. ते कुणी दिले असे विचारायचे नसते. मारोरचे दुःख कुणीतरी दिलेले आहे. त्यामागे राजा आहे, मुकादम आहेत, विटांची मोजणी आहे. पहिल्या कडूपणाला सोसणे हे उत्तर होऊ शकते. दुसऱ्याला सोसणे हे उत्तर म्हणून सांगितले, तर तो मुकादमाचा उपदेश होतो. आपली फार मोठी चूक इथे होते: माणसाने माणसावर लादलेल्या दुःखालाही आपण सहज कडुनिंबाच्या खात्यात टाकतो.

जयपूरमध्ये हा विचार टाळता येत नाही. हे शहर 1727 मध्ये वसले. आराखड्याचे श्रेय विद्याधर भट्टाचार्यांना जाते, त्यांच्या नावाची बागही इथे आहे. 1799 मध्ये उभ्या राहिलेल्या हवा महालाचे श्रेय लालचंद उस्तादांना. राजांची नावे तर पाठच असतात. पण भिंती ज्याने उभ्या राहिल्या तो गारा कालवणाऱ्यांचे नाव कुठे नाही. त्या गाऱ्याची कृती मात्र टिकून आहे, आणि ती ऐकून मी चकित झाले होते. राजस्थानातल्या जुन्या बांधकामात चुना आणि सुरखी, म्हणजे विटांची पूड, यांच्या मिश्रणात मेथी आणि गूळ घालत. पकड चांगली येते म्हणून. ज्यूंच्या ताटात खजूर गाऱ्याचे सोंग घेतो. इथे गाऱ्यातच खरोखर गूळ होता. तो कालवणाऱ्यांच्या हाताला गोड वास येत असेल. त्यामुळे त्यांची मजुरी वाढली असेल असे वाटत नाही.

शहराबाहेर पडले की वीटभट्ट्यांची धुराडी आजही दिसतात. आणि मराठी माणसाने राजस्थानकडे बोट दाखवायचे कारण नाही. ज्या रायगडात शनिवार तेल्यांचे घाणे फिरले, तिथलेच कातकरी दरवर्षी पावसाळा संपला की वीटभट्ट्यांवर जातात. मालकाकडून आधी उचल घेतलेली असते, कधी आजारपणासाठी, कधी लग्नासाठी, कधी नुसते पावसाळ्यात पोट भरायला. मग नवरा-बायको, मुले, सगळे कुटुंब भट्टीवर. माती कालवायची, तीत भाताचा तूस नाहीतर राख मिसळायची, विटा पाडायच्या. हिशेब हजार विटांवर. हातात आठवड्याची खर्ची. हंगामाच्या शेवटी उचल फिटली की नाही ते मालकाची वही सांगणार. हा हंगाम मे-जूनपर्यंत चालतो. पेसाह येतो मार्च-एप्रिलमध्ये. ताटात गाऱ्याची वाटी मांडली जाते तेव्हा खरा गारा ऐन भरात तुडवला जात असतो.

निर्गमाच्या पुस्तकात एक तपशील आहे, जो भट्टीचा हिशेब पाहिलेल्याला लगेच कळेल. मोशे रजा मागायला येतो तेव्हा फारो चिडून हुकूम देतो: यापुढे मजुरांना गवत पुरवू नका, ते त्यांनी स्वतः गोळा करावे, विटांची संख्या मात्र पूर्वीइतकीच भरली पाहिजे. संख्या भरली नाही की मार, आणि वर आळशी म्हणून शिवी. जुलमाचे यंत्र इथे चाबकाहून मोजणीवर जास्त चालते. साधने कमी करायची, आकडा तोच ठेवायचा, आणि तूट मजुराच्या स्वभावात शोधायची.

हे यंत्र मिसर देशात राहिले नाही. जयपूरहून अजमेरच्या वाटेवर सुमारे 100 किलोमीटरवर मदनगंज-किशनगढ लागते. तिथून हरमाड्याकडे जाणारा रस्ता दुष्काळी काम म्हणून बांधला जात होता. मजुरांत दलित स्त्रियांची संख्या मोठी होती. किमान वेतन दिवसाला 7 रुपये होते, पण वीस-वीस जणांच्या टोळ्या करून टोळीने केलेले काम मोजायचे आणि तेवढ्याच प्रमाणात पैसे वाटायचे, अशी पद्धत होती. त्यामुळे अनेकांच्या हाती 7 रुपयेही पडत नव्हते. दुष्काळी कामांना किमान वेतनाचा नियम लागू नाही, असा राज्याचा 1964 चा कायदाच होता. संजित रॉय यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 1983 मध्ये निकाल दिला: किमान वेतनाहून कमी मजुरीत काम करून घेणे ही संविधानाच्या 23 व्या कलमाने मना केलेली वेठच आहे, आणि दुष्काळग्रस्तांच्या लाचारीचा फायदा सरकारलाही घेता येणार नाही. या निकालातली महत्त्वाची गोष्ट अशी की पायात बेडी नसली, पाठीवर चाबूक नसला, तरी भूक माणसाला बांधू शकते, हे कायद्याच्या भाषेत मान्य झाले. देशात वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 पासून आहे. उचलीची वहीही अजून आहे.

इथे एक रास्त आक्षेप येतो. सणाच्या एका वाटीवर एवढे ओझे कशाला? मुलांना खजूर खाऊ द्या. शतकानुशतके मार खाल्लेल्या समाजाने वर्षातून एक रात्र आपल्या सुटकेचा आनंद केला, तर त्यात वीटभट्टी आणून बसवायचा अधिकार कुणाला? माझ्यासारख्या बाहेरच्या व्यक्तीला तर मुळीच नाही. हे मी मान्य करते. पण बाहेरच्या माणसाला एक दुसरे कर्तव्य आहे. त्या रात्री प्रत्येकाने आपण स्वतः मिसरमधून बाहेर पडलो असे समजावे, अशी ज्यूंची अपेक्षा असते. मी तसे समजू शकत नाही. माझ्या आज्या-पणज्यांनी विटा पाडल्या नाहीत. मी विटांच्या घरात राहते. त्या गोष्टीत माझी जागा शोधायची तर ती गारा तुडवणाऱ्यांत नसून, ज्यांची कोठारे त्या विटांनी बांधली गेली त्यांच्याजवळ निघते. हारोसेत माझ्या हाताला चिकटतो तेव्हा हे आठवणे हाच तो करण्याचा माझ्यापुरता अधिकार.

मग गोडी टाकूनच द्यावी का? 1862 मध्ये अमेरिकेच्या यादवी युद्धात, उत्तरेच्या सैन्यातल्या ओहायोच्या 23 व्या पलटणीतले काही ज्यू सैनिक पश्चिम व्हर्जिनियात तळ ठोकून होते. त्यांनी तिथेच पेसाह केला. बाकीचे कसेबसे जमवले, पण हारोसेतचे साहित्य मिळेना. तेव्हा त्यांनी ताटात सरळ एक वीट ठेवली. गुलामगिरीच्या प्रश्नाने पेटलेल्या युद्धात, गुलामांच्या आठवणीसाठी, खरी वीट. यापेक्षा प्रामाणिक हारोसेत कुठला? तरीही ती प्रथा झाली नाही, आणि न झाली तेच बरे. वीट पाहता येते. वाटून खाता येत नाही, मुलाच्या तोंडात घालता येत नाही. जी आठवण फक्त कठीण असते ती मोठी माणसे एकदा पाहतात आणि बाजूला ठेवतात.

उरलेले निम्मे उत्तर मला त्या रात्रीच्या एका छोट्या नियमात सापडते. कडू पाला हारोसेतमध्ये बुडवायचा. पण खाण्याआधी तो झटकायचा, म्हणजे गोडीने कडू चव बुडणार नाही. नियमावल्यांत हे स्पष्ट लिहिले आहे. बुडवण्याला कारण आहे आणि झटकण्यालाही. गोडाचा स्पर्श झाला पाहिजे, नाहीतर मूल पाला तोंडात घेणार नाही. गोड झटकले पाहिजे, नाहीतर मूल फक्त खजूर खाईल आणि मोठेपणी सांगेल की आमच्याकडे एक छान गोड पदार्थ असायचा.

आठवणीला गोड करावे की नाही, हा प्रश्न म्हणून पुरेसा नीट मांडलेला नव्हता. विचारायचे ते असे: गोड केल्यावर झटकतो का? आपल्या उत्सवांत, जयंत्यांत, स्मारकांत बुडवणे पुष्कळ असते. झटकणारा हात क्वचित दिसतो. हारोसेत ज्याला करायचा असेल त्याने जरूर करावा. खजूर चांगला घ्यावा, लिंबू विसरू नये, दाट आटवावा. आणि एखाद्या मुलाने हा चिखल कुणाचा म्हणून विचारले, तर मिसरची गोष्ट पूर्ण सांगावी. ती सांगून झाल्यावर, आपल्या घराच्या विटा कुणी पाडल्या आणि हजारामागे त्यांना काय मिळाले, हेही त्याला माहीत करून द्यावे. आपल्याला माहीत नसेल तर दुसऱ्या दिवशी चौकशी करावी. भट्टी फार लांब नसते.